कान्जिरोची भुकेली शिंक

खरं सांगा, गेल्या शनिवारी संध्याकाळी ते बदक शिंकलं तेव्हा तुम्ही हसलात की नाही?

हसलातच असणार. पहिल्यांदा मीही हसले होते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हसवणं हेच त्या बदकाचं काम आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. भाग संपला, पडद्यावर खालून वर नावं सरकू लागली, तेव्हा तुम्ही काय केलंत? चहाला आधण ठेवायला उठलात ना? म्हणून तर यांचं फावतं.

'मात्सुनोयुचा कारभारी' ही चित्रकथा ज्याने वाचली नाही असा माणूस तोक्योतल्या आमच्या सुगिनामी भागात शोधून सापडायचा नाही, तरी सांगते. मात्सुनोयु हे गल्लीतलं जुनं स्नानगृह. पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूंच्या मध्ये जी उंच बैठक असते, तिच्यावर कारभारी म्हणून एक बदक बसलेलं असतं. त्याचं नाव कान्जिरो. कान्जिरो बोलत नाही. गिऱ्हाइकाने थाप मारली की तो शिंकतो, एवढंच. वजनकाट्यावर उभी राहून बाई म्हणते, "मी तर काहीच खात नाही," की बदक शिंकतं. नवरा म्हणतो, "घरी सांगून आलोय," की बदक शिंकतं. या एवढ्या भांडवलावर ती चित्रकथा वीस वर्षं साप्ताहिकात चालली. तिच्यावरून पहिली चित्रमालिका त्र्याण्णव साली आली आणि सहा वर्षं टिकली. नवी मालिका गेल्या ऑक्टोबरात सुरू झाली.

आता ज्या बाईबद्दल मी लिहिते आहे तिच्याकडे येते. इसोगाइ तोमोए, वय वर्षं सहासष्ट, मुक्काम नेरिमा. सकाळी नऊ ते तीन लाँड्रीच्या काउंटरवर उभी असते. शर्टाच्या कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचताना दिसेल ती. तुमचाही कोट तिने कधीतरी घडी घालून दिला असेल.

तोमोए उत्तरेकडची, अकिताच्या किनाऱ्यावरची. बाप होडी घेऊन हाताहाता नावाचे तिथले मासे धरायला जायचा. एकोणिसाव्या वर्षी ती नाटक शिकायला तोक्योला आली. दिवसा खानावळीत भांडी घासायची आणि संध्याकाळी कोएन्जीच्या नाटकमंडळीत तालीम करायची. मेहनत करायला ती कधी मागे नव्हती, पण तोंड उघडलं की अकिता बाहेर पडायचं. राजकन्येचं वाक्य म्हणायला सांगितलं तर जाळं ओढणारी बाई बोलतेय असं वाटायचं. शिकवणाऱ्या गुरुजींनी सहा वर्षांनी निकाल दिला, की तुझा आवाज चांगला आहे, फक्त त्यात शब्द नकोत.

तिने तेही ऐकलं. चित्रमालिकांच्या आवाजघरात तिला जनावरं आणि तान्ही मुलं मिळू लागली. काचेपलीकडे दिग्दर्शक आणि यंत्रावरची माणसं, अलीकडे चार माइक आणि पंधरा नट. ज्याचं वाक्य असेल त्याने पाय न वाजवता पुढे व्हायचं, बोलायचं आणि तसंच मागे सरकायचं. कागद उलटल्याचाही आवाज होता कामा नये. सळसळणारे कपडे घालायचे नाहीत. आणि उपाशी पोटी यायचं नाही, कारण माइकला नटाच्या पोटातली गुरगुर त्याच्या आवाजाआधी ऐकू येते. तोमोए पिशवीत नेहमी दोन ओनिगिरी ठेवायची. एक भाताचा गोळा स्वतःसाठी, दुसरा कुणी नवखा न खाता आला असेल तर त्याच्यासाठी. सगळे तिला ताई म्हणायचे. दहा वर्षांत ती भुंकली, रेकली, पाळण्यात रडली, आणि नाव कुठेच आलं नाही. 'इतर आवाज' असं एक गाठोडं असतं, त्यात ती असायची.

मग कान्जिरो आला. बदक खऱ्या बदकासारखं वाटता कामा नये आणि माणसासारखं तर मुळीच नको, अशी चित्रकाराची अट होती. सतरा जण क्वॅक क्वॅक करून गेले. तोमोएने माइकपुढे उभं राहून स्वतःच्या बापाची शिंक काढली. होडीत मासे बिचकतील म्हणून तिचा बाप शिंक दाबायचा. अर्धी नाकात अडकायची आणि उरलेली घशातून भलताच आवाज करत बाहेर पडायची, फ्शू-ग्वॅक. काचेपलीकडच्या माणसांनी हसून टेबलावर डोकी ठेवली.

तिला बदक मिळालं. आणि पहिल्यांदाच नावांच्या यादीत एक ओळ आली. 'कान्जिरो, इसोगाइ तोमोए'. पहिला भाग लागला त्या दिवशी बापाने गावाकडे टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढला. फोटोत फ्लॅशचा पांढरा गोळा आहे आणि गोळ्याखाली अर्धं नाव. तो फोटो चौकटीत घालून त्याने देव्हाऱ्याशेजारी लावला. दर आठवड्याला फोन करून म्हणायचा, "आज मी चार वेळा शिंकलो गं." बाप गेला तेव्हा तोमोएने घरातून तेवढीच एक वस्तू आणली. लाँड्रीच्या वरच्या तिच्या खोलीत ती चौकट आहे. मी पाहिली आहे.

आता कुरामोचीचं सांगते.

पंच्याण्णव साली कुरामोची यासुहिको सव्वीस वर्षांचा होता आणि त्या आवाजघरात टेपा सांभाळायचा. एका रविवारी सकाळी त्याने तोमोएला फोन केला. आधी नुसता रडला. मग कळलं की कान्जिरोच्या टेपवर त्याने चुकून दुसरंच काहीतरी चढवलं होतं. तीन भागांच्या शिंका पुसल्या गेल्या होत्या. सोमवारी सकाळी ओगाता त्या टेपा मागणार होते. ओगाता म्हणजे तेव्हाचे आवाज-दिग्दर्शक. त्यांच्या हाताखाली चुकलेला माणूस पुन्हा त्या धंद्यात दिसत नसे.

तोमोए सुट्टीच्या दिवशी दोन गाड्या बदलून गेली. कुरामोची यंत्रामागे बसला होता, आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं त्याच्या. तिने पिशवीतला ओनिगिरी त्याला दिला. घाईत त्या दिवशी एकच आणला होता.

आवाजघरात एक पद्धत आहे. कुठलंही काम झालं की चिठ्ठी लिहायची. नट कोण, भूमिका कोणती, किती वाजता आला, किती वाजता गेला. ती चिठ्ठी कचेरीत जाते आणि वर्षानुवर्षं फाइलीत राहते. चिठ्ठी नसेल तर ते काम झालंच नाही. कुरामोचीने चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं तेव्हा तोमोएच म्हणाली, "ठेव ते आत. रविवारी ही बाई इथे काय करत होती असं ओगातांनी विचारलं तर काय सांगशील?"

तिने त्रेचाळीस शिंका दिल्या. छोटी शिंक, लांब शिंक, संशयाची, बायकोपुढची, पोलिसापुढची. एकतिसाव्या शिंकेला तिच्या रिकाम्या पोटाने मागून साथ दिली, गुर्रर्र, अगदी स्पष्ट. दोघं खूप हसले. ती पुन्हा करते म्हणाली. तो म्हणाला, "राहू दे ताई, बाकी पुष्कळ आहेत, ही कोण लावतंय." सोमवारी टेपा ओगातांच्या हातात गेल्या आणि कुणालाही काही कळलं नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, म्हणजे जुलैत, कुरामोचीकडून तोमोएला भेट यायची. लाकडी पेटीत सोमेन शेवया, सोबत हाताने लिहिलेलं पत्र. 'ताई, मी आज या धंद्यात आहे तो तुमच्यामुळे.' अठ्ठावीस वर्षं हे चाललं. दरम्यान तो टेपांवरून यंत्रावर गेला, यंत्रावरून खुर्चीत बसला. नव्या मालिकेचा आवाज-दिग्दर्शक तोच आहे.

नवी मालिका येणार हे कळलं तेव्हा तोमोए महिनाभर रोज अंघोळीच्या टबात बसून शिंकायची. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू औषध घेऊन आला होता. फोन आला नाही. नव्या माणसांना घेतलं असेल, असं ती म्हणाली. याचं तिला वाईट वाटलं पण राग आला नाही. नव्या लोकांनाही पोट आहे, म्हणाली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी लाँड्रीच्या मालकिणीने तिला मुद्दाम बोलावून घेतलं आणि दुकानातल्या टीव्हीवर मालिका लावली. मालकिणीचे दोन नातू पुढ्यात बसले होते. कान्जिरो पहिल्यांदा शिंकला आणि तोमोएच्या हातातली टाचणी थांबली. दुसऱ्यांदा शिंकला. तिसऱ्यांदा शिंकला तेव्हा मागे गुर्रर्र झालं. नातू लोळून हसले. "बदकाला भूक लागलीय," असं धाकटा म्हणाला.

नावं आली. तोमोए टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. स्नानगृहाची मालकीण कोण, भट्टीवाला कोण, म्हातारी गिऱ्हाइकं कोण, सगळं होतं. कान्जिरोची ओळच नव्हती.

आमचं आवाज कामगारांचं मंडळ तोफूच्या दुकानावर आहे. अकरा खुर्च्या, एक पंखा, आणि बाकी मी. पंधराव्या वर्षी शाळा सोडली. कायदा शिकले तो नगर वाचनालयात, तिथली पुस्तकं घरी देत नाहीत म्हणून हाताने उतरवून. तोमोए आमची सभासद. पुढच्या मंगळवारी ती नेहमीसारखी मुळ्याचं लोणचं घेऊन आली आणि जाता जाता, हसत, ही गोष्ट सांगून गेली. कुणाच्या घरात आपली जुनी छत्री दिसावी तसं सांगितलं तिने. माझं डोकं फिरलं. मी तो भाग कानाला यंत्र लावून अकरा वेळा ऐकला. गुरगुर होतीच.

तोमोए तरी म्हणत राहिली, की कुराला विसर पडला असेल, कामाचा डोंगर असतो त्याच्यावर, मीच एकदा फोन करीन. मग नोव्हेंबरात एका मासिकात त्याची मुलाखत आली. कान्जिरोची शिंक नव्या मालिकेतही तशीच कशी जमली, असं विचारलं होतं. साहेब सांगतात, ती कुणा नटाची नाहीच. आम्ही तीन महिने खपून ती घडवली. सायकलचा जुना पंप, त्याच्या तोंडावर ओला पंचा, आणि बरेच प्रयोग. शेजारी फोटो, हातात पंप.

तो फोटो मी तोमोएपुढे ठेवला. तिने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग एवढंच म्हणाली, "हा पंप आमच्या लाँड्रीतल्या पंपापेक्षा नवा दिसतोय." त्या दिवशी लोणचं तिने डब्यातून बाहेरच काढलं नाही.

जानेवारीत मालिकेच्या कंपनीने आम्हाला भेटीची वेळ दिली. सहाव्या मजल्यावर गुळगुळीत टेबल. पलीकडे कुरामोची, एक वकील पोरगा आणि टिपणं घेणारी एक मुलगी. वकिलाने पहिल्यांदा मला विचारलं की कायद्याचं शिक्षण आपण कुठल्या विद्यापीठात घेतलंत. मी टेबलावर मूठ आपटायला उचलली होती, तेवढ्यात तोमोएने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग मी पाठ करून आणलेलं सगळं शांतपणे सांगितलं. आमची मागणी एकच होती. यादीत तिची ओळ परत घाला. 'कान्जिरो, इसोगाइ तोमोए'. बाकी काही नको, असं तिने मला आधीच बजावलं होतं.

कुरामोचीने तिच्याकडे न बघता पंपाची हकिगत पुन्हा सांगितली. तीन महिने, पंचा, प्रयोग. म्हणाला, "त्यामुळे ही भूमिका नाहीच, हा एक परिणाम आहे."

फ्शू-ग्वॅक.

तोमोए शिंकली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, चेहरा सरळ. शिंक काचेच्या भिंतीवर आपटून परत आली. टिपणं घेणाऱ्या मुलीला हसू फुटलं आणि तिने वही तोंडावर धरली. वकील पोरगा आधी हसला, मग कशाला हसलो ते त्याच्या लक्षात आलं. लहानपणी बघितलेलं असणार त्याने.

मी यंत्र पुढे सरकवून ती शनिवारची शिंक लावली, गुरगुरीसकट. विचारलं, "आणि ही भूक कुणाची? पंपाची?"

मग तोमोए तिच्या अकिताच्या बोलीत, जी ती आवाजघरात कधी बोलायची नाही, हळू बोलली.

"कुरा, त्या दिवशी माझा भात तू खाल्लास."

कुरामोचीने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, जिंकलो. इतकी वर्षं हा धंदा बघून मी तेवढ्यापुरती खुळी झाले होते. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते, हे मी नाकारणार नाही. आणि ओल्या डोळ्यांनीच तो म्हणाला,

"ताई, पण चिठ्ठी कुठे आहे? तुम्हीच नको म्हणाला होतात."

तेव्हा मला सगळं उलगडलं. पहिल्या मालिकेच्या सहा वर्षांच्या टेपा कचेरीत आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर तोमोएचं नाव आहे. त्यातली एक शिंक वापरायची तरी तिला विचारावं लागलं असतं. बिनचिठ्ठीची टेप जगात एकच, त्या रविवारची मूळ टेप; ओगातांकडे गेल्या त्या तिच्यावरून उतरवलेल्या. तिने ज्याची नोकरी वाचवली त्याच्या कपाटात ती अठ्ठावीस वर्षं होती. तो विसरला नव्हता. त्याला चांगलं आठवत होतं, म्हणून तर त्याने नेमकी तीच काढली.

वकिलाने वही मिटली. आठवड्याने पत्र आलं. शेवटच्या भागात 'सहकार्य' या मथळ्याखाली श्रीमती इसोगाइ यांचं नाव देता येईल, फरश्या पुरवणाऱ्या कारखान्याच्या नंतर. तोमोएने लाँड्रीच्या चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहिलं. 'मी सहकार्य केलं नाही. मी शिंकले.' मी तसंच पाठवलं.

मला हे तेव्हाच सगळ्या गावाला सांगायचं होतं. पत्रकं छापायची तयारीही केली होती. तिने हात धरला. म्हणाली, रविवारची गोष्ट सांगायची तर टेप कुणी पुसली होती तेही सांगावं लागेल. ओगाता अजून आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. त्यांना कळलं तर कुराची तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मी तिच्यावर ओरडले. ज्याने तुझ्या बापाची शिंक पंपाच्या नावावर लावली त्याची अब्रू तू झाकतेस? ती म्हणाली, "मी एकदा झाकलंय ना, आता कसं उघडू?" मी पत्रकं पंख्याखाली ठेवली. पाच महिने ती फडफडत राहिली आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत लोणचं खात राहिलो.

मग जुलै आला आणि लाकडी पेटी आली. शेवया त्याच होत्या, त्याच दुकानाच्या. पत्र मात्र छापील होतं. 'आपल्या संस्थेच्या अखंड लोभाबद्दल आभारी आहोत.' खाली त्याचं नाव, तेही छापील. भेटी पाठवायच्या यादीतल्या सगळ्यांना जातं ते पत्र. लाँड्रीच्या मालकिणीकडेही तसलीच तीन आली होती, साबणवाल्यांकडून.

तोमोएने पेटी उघडलीच नाही. त्याच कागदात बांधून, वर परत पाठवण्याचा पत्ता लिहून ती माझ्याकडे घेऊन आली. दोन गाड्या बदलून, उन्हात. पाणी प्यायली. म्हणाली, "चार ओळी हाताने लिहिल्या असत्या तर मी मरेपर्यंत गप्प बसले असते."

मी पेटी तिच्या हातातून घेतली.

"आता लिही," ती म्हणाली. "टेपचं लिही, भाताचं लिही. मी चिठ्ठी नको म्हणाले होते तेही लिही, ते लपवू नकोस."

म्हणून लिहिलं. काहीही लपवलेलं नाही. न्यायालयात यातलं काही टिकणार नाही, हे मला कुठल्याही विद्यापीठाच्या पोरापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. यादीत ती ओळ अजून आलेली नाही, आणि त्यांच्या मनावर सोडलं तर ती येणारही नाही. तोमोएने शिंकणं सोडलं आहे. परागकणांच्या दिवसांत खरी शिंक आली तरी रुमालात दाबते, आणि मग घशातून तो आवाज निघतो, आणि ती काउंटरखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करते.

तर तुमच्याकडे एक मागणं आहे. मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. बघा, पोट धरून हसा, पोरांनाही हसू द्या. फक्त पुढच्या शनिवारी बदक शिंकलं आणि मागून गुरगुर ऐकू आली की शेजारी जो बसला असेल त्याच्याकडे वळा आणि मोठ्याने सांगा, की ही इसोगाइ तोमोए आहे, आणि त्या दिवशी ती उपाशी होती.